डायल-अप जोडलं जातं, पण पलीकडचं सबनेट दिसत नाही: दोष बहुतेक वेळा परतीच्या वाटेत असतो

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याची आडत पेढी आहे. पेढीतलं नेटवर्क १९२.१६८.१.०/२४, म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते (अशा एका गटाला सबनेट म्हणतात). इंटरनेटचा राउटर १९२.१६८.१.१, विंडोज सर्व्हर १९२.१६८.१.१०, हिशेबाचं मशीन १९२.१६८.१.२०. कुपवाडच्या गोदामात दुसरं नेटवर्क आहे, १९२.१६८.२.०/२४. ते वायरलेस लिंकने जोडलंय आणि त्याचा राउटर पेढीच्या बाजूला १९२.१६८.१.२ या पत्त्यावर आहे. तासगावच्या कोल्ड स्टोरेजमधून एक लॅपटॉप एल-टू-टीपीने (इंटरनेटवरून खासगी बोगदा, म्हणजे व्हीपीएन, बनवण्याची एक पद्धत) विंडोज सर्व्हरला डायल करतो आणि त्याला १९२.१६८.५०.१२ हा पत्ता मिळतो. जोडल्यावर लॅपटॉपचं इंटरनेट बंद पडायचं, म्हणून 'रिमोट नेटवर्कचा डिफॉल्ट गेटवे वापरा' ही खूण काढली आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून १९२.१६८.१.० चा एक राउट (कुठल्या पत्त्यांची पॅकेट कुणाकडे द्यायची त्याची नोंद) हाताने घातला. आता सर्व्हरला पिंग जातो, पण हिशेबाचं मशीन उघडत नाही आणि कुपवाडचा प्रिंटर सापडत नाही. कनेक्शन दोनदा पुसून नव्याने बनवून झालं, फरक नाही.

आधी एक विनंती: तिसऱ्यांदा नव्याने बनवू नका. पासवर्ड चालतोय, पत्ता मिळतोय, सर्व्हर उत्तर देतोय, म्हणजे डायल करण्याचं काम व्यवस्थित झालंय. तुमचा बिघाड त्याच्या पुढचा आहे आणि तो मुख्यतः लॅपटॉपवर नाही, पेढीत आहे.

डायल-अप म्हटलं की आता लोकांना वाटतं ते प्रकरण मोडेमबरोबर संपलं. ५६ केबीपीएसचे मोडेम गेले हे खरं, पण त्यांच्या तारेवरून जो पीपीपी प्रोटोकॉल (दोन टोकांना थेट जोडण्याची रीत) धावायचा तो अजून रोज कामावर आहे. पीपीपीओई ब्रॉडबँड, एल-टू-टीपी, पीपीटीपी, पंपहाउसमधले जीएसएम मोडेम, सगळीकडे तोच. विंडोज आजही तुमचं व्हीपीएन कनेक्शन ज्या फाइलमध्ये ठेवतं तिला फोनबुकच म्हणतात. म्हणून जुन्या डायल-अपची राउटिंगची दुखणी जशीच्या तशी इथे येतात.

मूळ कारण असं आहे की पीपीपीला सबनेट कळत नाही. जोडणी होताना दोन टोकं आयपीसीपी नावाची बोलाचाली करतात. तिचं मानक १९९२ चं, आरएफसी १३३२. त्यात 'तुझा पत्ता हा, माझा पत्ता हा' एवढंच ठरतं. मास्कसाठी (सबनेट केवढं आहे ते सांगणारा आकडा) त्यात जागाच नाही, राउटसाठीही नाही. (डीएनएसचे पत्ते देण्याची सोय नंतर जोडली गेली.) म्हणून लॅपटॉपवर पीपीपीच्या पत्त्यापुढे २५५.२५५.२५५.२५५ असा मास्क दिसतो. तो पाहून अनेकजण घाबरतात आणि बदलायला जातात. तो बरोबर आहे. त्याचा अर्थ एवढाच की या तारेच्या पलीकडे एक मशीन आहे. त्या मशीनच्या मागे कोण कोण बसलंय ते तारेला ठाऊक नाही, ते प्रत्येक ठिकाणी आपण सांगायचं.

मग खूण काढल्यावर १९२.१६८.५०.० कडे जाणारा राउट आपोआप कुठून आला? तो विंडोजने अंदाजाने घातला. मिळालेला पत्ता जुन्या ए, बी, सी वर्गांपैकी कुठल्या वर्गात बसतो ते पाहून तेवढ्या वर्गाचा राउट ते घालतं. वर्गांची पद्धत १९९३ मध्ये सायडर (सबनेटचा आकार वर्गाऐवजी मास्कने ठरवण्याची पद्धत) आल्यावर मोडीत निघाली, पण विंडोजच्या या कोपऱ्यात ती टिकून आहे. तुमचा पत्ता १९२ ने सुरू होतो, म्हणून /२४ मिळालं. पत्ता १० ने सुरू होणारा असता तर १०.०.०.०/८ एवढं सगळं बोगद्यात गेलं असतं. एकाच्या ऑफिसात काही न करता चालतं आणि दुसऱ्याकडे नाही, त्याचं कारण बरेचदा हे असतं. नको असेल तर डिफॉल्ट गेटवेची खूण होती त्याच पानावर क्लास-बेस्ड राउट बंद करण्याची वेगळी खूण आहे.

आता तुमचं पॅकेट कुठे हरवतं ते पाहू. कमांड मी बोलतो तशा लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

लॅपटॉपवरून 'ट्रेसर्ट १९२.१६८.१.२०' करा; पॅकेट कुठल्या टप्प्यांनी जातं ते त्यात दिसतं. पहिला टप्पा तासगावचा स्वतःचा राउटर दिसला, तर लॅपटॉपला वाट माहीत नाही. पहिला टप्पा १९२.१६८.५०.१ म्हणजे सर्व्हरचं पीपीपीचं टोक दिसलं आणि पुढे नुसत्या चांदण्या (*, म्हणजे उत्तर नाही) आल्या, तर जाणारी वाट निदान सर्व्हरपर्यंत बरोबर आहे. तुमच्या वर्णनावरून हेच दिसेल. इथे नव्वद टक्के लोक थांबतात आणि लॅपटॉपवरच काहीतरी बदलत बसतात. त्याऐवजी पेढीत फोन लावा आणि हिशेबाच्या मशीनवर कुणालातरी 'ट्रेसर्ट १९२.१६८.५०.१२' करायला सांगा. पहिला टप्पा १९२.१६८.१.१ येईल आणि दुसरा टप्पा इंटरनेट कंपनीचा कुठलातरी पत्ता. दुखणं सापडलं. तासगावचा निरोप हिशेबाच्या मशीनपर्यंत पोचतोय, मशीन उत्तरही देतंय, पण ते उत्तर तासगावऐवजी इंटरनेटच्या रस्त्याला लागतंय आणि तिथे खासगी पत्ता म्हणून टाकून दिलं जातंय.

मशीनचं चुकत नाही. त्याला आपलं १९२.१६८.१.० सोडून काही माहीत नाही. बाकी सगळं ते गेटवेकडे देतं, आणि गेटवेला ५० चं सबनेट कुठे आहे हे कुणी सांगितलेलंच नाही. सर्व्हरला पिंग जातो तो एवढ्यासाठीच, की सर्व्हरचा स्वतःचा एक पाय त्या ५० च्या सबनेटमध्ये आहे. त्याला परतीसाठी कुणाला विचारावं लागत नाही.

मी हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं ते यार्डातल्याच एका पेढीत. सौदे चालू होते, टेबलावर हळदीचा थर, की-बोर्डच्या फटींत पिवळी भुकटी. हिशेबाच्या मशीनवर वायरशार्क (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) लावला आणि दुसऱ्या टोकाच्या मुलाला फोनवर म्हटलं, पिंग सोड. स्क्रीनवर एकेक ओळ उमटायला लागली: रिक्वेस्ट आत, रिप्लाय बाहेर, रिक्वेस्ट आत, रिप्लाय बाहेर. आणि फोनवर तो मुलगा सांगतोय, 'टाइम आउट, टाइम आउट.' दोन्ही खरं होतं. उत्तर निघत होतं आणि पोचत नव्हतं. तेव्हापासून मी कुठल्याही 'दिसत नाही' तक्रारीत आधी पलीकडच्या मशीनवर जाऊन बसतो.

उपाय. वाट चार ठिकाणी माहीत असायला हवी, आणि चारही ठिकाणं तुम्ही एकेक करून तपासा. लॅपटॉपला १९२.१६८.१.० आणि १९२.१६८.२.० दोन्ही बोगद्यातून जातात हे हवं. तुम्ही फक्त पहिला घातलाय, म्हणून कुपवाड तर निघतच नाही. विंडोज सर्व्हरला १९२.१६८.२.० हे १९२.१६८.१.२ मार्फत आहे हे हवं, शिवाय त्याच्यावर आयपीव्ही४ फॉरवर्डिंग (एका बाजूचं पॅकेट दुसऱ्या बाजूला पुढे देणं) चालू हवं. पेढीच्या राउटरला १९२.१६८.५०.० हे १९२.१६८.१.१० मार्फत आहे हे हवं. आणि कुपवाडच्या राउटरलाही ५० ची तीच वाट हवी. त्याचा डिफॉल्ट पेढीच्या राउटरकडे असेल तर वळसा घालून चालेल, पण थेट घातलेली बरी. प्रिंटरमध्ये गेटवे भरलाय का तेही पाहा. प्रिंटरला पत्ता हाताने देताना गेटवेचा रकाना कोरा सोडायची सवय फार लोकांना आहे, आणि मग तो प्रिंटर स्वतःच्या सबनेटबाहेर कुणालाच उत्तर देत नाही.

लॅपटॉपवरचे राउट 'राउट ॲड'ने घातले तर कनेक्शन तुटलं की जातात, आणि पीपीपी इंटरफेसचा क्रमांकही प्रत्येक वेळी तोच राहील याचा भरवसा नाही. पॉवरशेलमध्ये 'ॲड-व्हीपीएनकनेक्शनराउट' आहे, त्याने राउट कनेक्शनलाच बांधले जातात: डायल झालं की येतात, तुटलं की जातात. तेच वापरा. लॅपटॉप बरेच असतील तर सर्व्हरवरच्या डीएचसीपीतून (पत्ते आपोआप वाटणारी सेवा) १२१ क्रमांकाच्या ऑप्शनने राउट पाठवता येतात. विंडोज डायल झाल्यावर तेवढी विचारणा करतं. एका लॅपटॉपसाठी तो खटाटोप नको.

आता एक असा खड्डा, ज्यात मी स्वतः दोन दिवस घालवलेत. पेढीच्या राउटरवर ५० चा राउट घातला की पिंग लागतो, सगळे खूश होतात, आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर मात्र उघडता उघडता अडकतं. कारण वाट वाकडी झाली. तासगावचं पॅकेट सर्व्हरवरून थेट हिशेबाच्या मशीनला पोचतं, पेढीच्या राउटरला त्याचा पत्ताच नसतो. उत्तर मात्र मशीन राउटरकडे देतं आणि राउटरने ते सर्व्हरकडे वळवायचं असतं. राउटरमधली फायरवॉल म्हणते, ज्या संभाषणाची सुरुवात मी पाहिली नाही त्याचं उत्तर हे कसं? आणि ती टाकून देते. काही राउटर मशीनला आयसीएमपी रीडायरेक्ट पाठवून 'थेट सर्व्हरकडेच दे' असं सांगतात. मशीनने ऐकलं तर थोडा वेळ चालतं, नंतर पुन्हा अडकतं. 'कधी चालतं कधी नाही' अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी इथे बघतो. यावर तुमच्यासाठी सोपा उपाय म्हणजे हिशेबाच्या मशीनवरच कायमचा राउट घालायचा, 'राउट -पी ॲड १९२.१६८.५०.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१.१०'. हे लॅनवरचं साधं मशीन आहे, इथे -पी बिनधास्त वापरा. पण खरा स्वच्छ उपाय वेगळा आहे: डायल घेण्याचं काम सर्व्हरकडून काढून राउटरलाच द्यावं. मग जाणारी आणि येणारी वाट एकाच दारातून जाते आणि हा सगळा तिढा उरत नाही. राउटर एल-टू-टीपी घेऊ शकत असेल तर मी तेच करीन.

दुसरी फसवणूक विंडोज फायरवॉलची. खासगी प्रोफाइलमध्ये पिंगला उत्तर देण्याची परवानगी फक्त लोकल सबनेटपुरती असते. म्हणजे पेढीतल्या पेढीत पिंग लागतो, तासगावहून लागत नाही, आणि राउटिंग अगदी बरोबर असतं. नियमाच्या स्कोपमध्ये १९२.१६८.५०.०/२४ घाला. फायरवॉल पूर्ण बंद करून 'चाललं' म्हणणारे असतात. पाच मिनिटांच्या चाचणीपुरतं ठीक, पण परत चालू केल्याशिवाय उठू नका. त्या मशीनवर शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या आहेत.

काहीजण तुम्हाला सर्व्हरवर नॅट लावायला सांगतील. त्याने लगेच चालेल, कारण तासगावचं सगळं १९२.१६८.१.१० च्या नावाने जाईल आणि परतीचा प्रश्नच येणार नाही. मला ते पटत नाही. उद्या पावती कुणी बदलली हे लॉगमध्ये शोधायला जाल तर सगळीकडे सर्व्हरचाच पत्ता दिसेल, आणि पेढीतून तासगावच्या मशीनकडे काही पाठवायचं झालं तर ते जमणार नाही. सौद्याच्या दिवशी काम अडलंय म्हणून संध्याकाळपर्यंत लावायला हरकत नाही.

एकच लॅपटॉप असेल आणि पुढे वाढायची शक्यता नसेल, तर याहून कमी कष्टाचा मार्ग आहे. डायल करणाऱ्यांना ५० चे पत्ते देऊ नका, पेढीच्याच सबनेटमधले द्या, समजा १९२.१६८.१.२०० ते २१०. फक्त ते डीएचसीपीच्या वाटपातून वगळा. मग लॅनवर कुणी '१९२.१६८.१.२०० कोण?' असं विचारलं की लॅपटॉपच्या वतीने सर्व्हर 'मी' म्हणून हात वर करतो. याला प्रॉक्सी एआरपी म्हणतात. लिनक्सवर पीपीपीडीमध्ये 'प्रॉक्सीएआरपी' असा ऑप्शन लिहावा लागतो, विंडोजचा सर्व्हर आपणहून करतो. परतीचा एकही राउट लागत नाही, कारण सगळ्यांना तो शेजारीच वाटतो.

पण तुम्ही शेवटी लिहिलंय की पुढे तासगावचा वजनकाटा आणि लेबल प्रिंटरही पेढीतून दिसायला हवेत. मग हा मार्ग पुरणार नाही, कारण आता एक मशीन डायल करत नाही, एक अख्खं सबनेट डायल करतंय. इथे विंडोज सर्व्हरवर डिमांड-डायल इंटरफेस (पलीकडच्या राउटरच्या जोडणीसाठीचं वेगळं दार) बनवावा लागतो आणि तासगावचं सबनेट त्या इंटरफेसमार्फत आहे असा राउट घालावा लागतो. यातला एक नियम काळजाला बांधून ठेवा: तासगावचा राउटर ज्या युजरनेमने डायल करतो ते युजरनेम आणि सर्व्हरवरच्या डिमांड-डायल इंटरफेसचं नाव तंतोतंत एक असलं पाहिजे. नसेल तर कनेक्शन होतं, तक्रार कुठेच येत नाही, पण सर्व्हर त्याला एकटा पाहुणा समजतो, राउटर समजत नाही, आणि सबनेटचा राउट त्या जोडणीला लागत नाही.

२००२ च्या सुमारास मिरजेजवळच्या एका पतसंस्थेच्या शाखा मोडेमवरून मुख्य कचेरीला जोडत होतो. एक शाखा जोडली जायची पण तिथलं एकही मशीन दिसायचं नाही. मोडेम बदलला, टेलिफोनची लाइन तपासून घेतली, केबल नव्याने ओढली. रात्री कॉल स्वस्त म्हणून तीन रात्री तिथेच. चौथ्या दिवशी दोन्ही नावं कागदावर एकाखाली एक लिहिली तेव्हा दिसलं: युजरनेममध्ये शाखेच्या नावापुढे अंक होता, इंटरफेसच्या नावात अंकाआधी एक रेघ होती. रेघ काढली, पुन्हा डायल केलं, शाखेतली पाचही मशीन समोर आली. त्या तीन रात्रींचं मला आजही वाईट वाटतं, कारण शाखेतली माणसं सकाळी हाताने खतावण्या करत होती.

नाव बदलून वेगळ्या साधनांतही गोष्ट हीच असते. मायक्रोटिकमध्ये पीपीपी सीक्रेटच्या 'राउट्स' रकान्यात तासगावचं सबनेट लिहायचं. ओपन-व्हीपीएनमध्ये नुसतं 'राउट' पुरत नाही, त्या क्लायंटच्या फाइलमध्ये 'आयराउट'ही लागतं. वायरगार्डमध्ये त्या पीअरच्या 'अलाउड आयपीज'मध्ये सबनेट घालायचं. लिनक्सवर पीपीपीडी असेल तर 'आयपी-अप' स्क्रिप्टमधून राउट घाला आणि आयपी फॉरवर्ड १ आहे का पाहा; तेही असून पॅकेट गिळली जात असतील तर आरपी-फिल्टर (परतीची वाट जुळत नसेल तर पॅकेट टाकून देणारी सेटिंग) बघा. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच विचारायचा: या नावाने जो आला, त्याच्या मागे कुठलं सबनेट आहे हे या टोकाला कुठे लिहिलंय?

अख्खं सबनेट जोडण्याआधी पत्ते मात्र बदलून घ्या. कोल्ड स्टोरेजच्या राउटरवर १९२.१६८.०.० आहे असं तुम्ही म्हणता, आज जमून गेलंय. उद्या तो राउटर बदलला आणि नव्यावर १९२.१६८.१.० आलं, की लॅपटॉपला १९२.१६८.१.२० आपल्याच खोलीत आहे असं वाटेल आणि दोन्ही बाजूंना एकच सबनेट झाल्यावर कुठलाही राउट घालून उपयोग होत नाही. आरएफसी १९१८ ने १९९६ मध्ये खासगी वापरासाठी १०.०.०.०/८ एवढं मोठं रान मोकळं ठेवलंय, सगळ्यांनी १९२.१६८.१ मध्येच दाटी करायचं कारण नाही. मी इकडे एसटीडी कोडवरून पत्ते देतो. सांगली ०२३३, म्हणून १०.२३३.१.०. तासगाव ०२३४६, म्हणून १०.२३४.६.०. इस्लामपूर ०२३४२ म्हणून १०.२३४.२.०, विटा ०२३४७ म्हणून १०.२३४.७.०. दुरुस्तीला कुणीही गेलं तरी पत्ता पाहून गाव कळतं, आणि कुणाच्या घरच्या राउटरशी टक्कर होत नाही. फक्त मघाशी सांगितलेला वर्गाचा अंदाज आठवा: १० ने सुरू होणारा पत्ता दिलात की विंडोज सगळं १०.०.०.०/८ बोगद्यात ढकलेल, म्हणून इथे ती क्लास-बेस्डची खूण नक्की लावा आणि राउट एकेक करून द्या.

तासगावला फोर-जी सिम असेल तर डायल नेहमी तिकडून सांगलीकडेच करा, सांगलीच्या स्थिर पत्त्यावर. सिमला बहुधा कंपनीच्या आतला पत्ता मिळतो (१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा दिसला की तो तसलाच), त्याच्यावर बाहेरून डायल येऊ शकत नाही.

सगळं जुळल्यावरही छोटे व्यवहार चालतात आणि मोठा रिपोर्ट उघडताना अडकतो असं झालं, तर राउटिंगला हात लावू नका, ते एमटीयूचं (एका पॅकेटच्या कमाल आकाराचं) काम आहे. 'पिंग -एफ -एल १३७२ १९२.१६८.१.२०' करून पाहा. १३७२ अधिक हेडरचे २८ म्हणजे १४०० बाइट. हे जात नसेल तर आकडा कमी करत जा. जिथे जायला लागेल त्यात २८ मिळवून तेवढा एमटीयू बोगद्याच्या दोन्ही टोकांना ठेवा, आणि राउटरवर एमएसएस क्लॅम्प (पॅकेटचा आकार आपोआप मर्यादेत ठेवणारी सोय) असेल तर तो लावा.

आज संध्याकाळी सौदे उठल्यावर एवढंच करा: हिशेबाच्या मशीनवर तो एक -पी राउट, सर्व्हरवर आणि कुपवाडच्या राउटरवर एकेक राउट, लॅपटॉपला १९२.१६८.२.० चा राउट, आणि फायरवॉलचा स्कोप. प्रत्येक बदलानंतर दोन्ही टोकांकडून ट्रेसर्ट घ्या आणि त्याचा निकाल वहीत लिहा. तरीही अडलं तर लॅपटॉप, सर्व्हर आणि हिशेबाचं मशीन या तिघांचं 'राउट प्रिंट' आणि ते दोन्ही ट्रेसर्ट मला पाठवा, लॅपटॉप जोडलेला असतानाचे.